इंग्रजीतला मानपान: कुणाला काय म्हणायचं, कसं लिहायचं

मराठीत समोरच्याचं स्थान पहिल्या वाक्यातच कळतं. 'ये' म्हटलं की 'या', 'आला' म्हटलं की 'आले', सगळं क्रियापद सांगून टाकतं. नावापुढे 'राव', 'ताई', 'साहेब' लावलं नाही तरी मान राहतो. इंग्रजीत वावरायला लागलेल्या मराठी माणसाला ही सोय मिळत नाही आणि त्यातून दोन उलट्या चुका होतात. काहीजण धरून चालतात की या भाषेत मानपान नाहीच. काहीजण घाबरून दर वाक्याला 'सर' जोडतात. खरं म्हणजे इंग्रजीत दर्जा क्रियापदात नसतो, नावात असतो. नावाआधी काय लागतं, ते पहिल्या नावाला लागतं की आडनावाला, आणि कधी काहीच लावायचं नसतं, एवढं कळलं की बाकीचं सोपं होतं. हा लेख मुख्यतः ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांसाठी आहे. अमेरिकेत वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी 'यू'ची भीती काढून टाका

'यू' म्हणजे 'तू' नव्हे. इंग्रजीत 'तू'साठी 'दाउ' हा शब्द होता आणि 'यू' अनेकवचनी, म्हणजे 'तुम्ही' होता. फ्रेंच वळणाने एकट्या वरिष्ठालाही 'यू' म्हणायची रीत पडली. पुढे ती इतकी पसरली की प्रमाण इंग्रजीतून 'दाउ' जवळजवळ नाहीसं झालं. म्हणजे इंग्रजांनी सगळ्यांना एका पायरीवर आणलं ते 'तुम्ही'च्या पायरीवर. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक मात्र हट्टाने सगळ्यांना, न्यायाधीशालासुद्धा, एकेरी हाक मारत आणि त्यासाठी त्रास सोसत. जुन्या इंग्रजी प्रार्थनांत देवाला आजही 'दाउ' म्हणतात. विठोबाला 'तू' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा वयस्कर माणसाला 'यू' म्हणताना संकोच नको. त्याची भरपाई म्हणून वाक्यात 'सर' घालायचीही गरज नाही.

पहिली पायरी: मिस्टर, मिसेस, मिस, मिझ

या चारही उपाध्या आडनावाला लागतात किंवा पूर्ण नावाला लागतात. नुसत्या पहिल्या नावाला लागत नाहीत. 'मिस्टर पाटील' बरोबर, 'मिस्टर संदीप पाटील' बरोबर, 'मिस्टर संदीप' चूक. आपल्याकडून सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, कारण 'संदीपराव' किंवा 'संदीप सर' आपल्या कानाला योग्य वाटतं. नुसतं 'मिस्टर' म्हणून हाक मारणं तर भांडणाच्या सुरात जातं.

बाईंच्या बाबतीत 'मिझ' वापरा. मिसेस आणि मिस ही दोन्ही रूपं 'मिस्ट्रेस' याच शब्दाची. तो एके काळी घरधनिणीचा मानाचा शब्द होता, पण आज त्याचा अर्थ ठेवलेली बाई असा झाला आहे, म्हणून तो पूर्ण रूपात तोंडी आणू नका. 'मिझ'मध्ये लग्न झालंय की नाही हे सांगावं लागत नाही. ही सूचना १९०१ साली अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समधल्या एका वृत्तपत्रात आली होती, पण न्यूयॉर्क टाइम्सने ती स्वीकारली १९८६ मध्ये. एखाद्या बाईंनी स्वतः 'मिसेस' लिहिलं असेल तर तेच वापरायचं. आपण ठरवायचं नाही.

अर्ज भरताना एक अडचण येते. अनिता सुरेश पाटील या नावातलं 'सुरेश' हे मधलं नाव म्हणून भरलं जातं आणि मग रुग्णालयातून किंवा बँकेतून कधी 'मिझ सुरेश' अशी हाक येते. कारण समोरच्याला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावायची आपली पद्धत माहीत नसते. पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा आणि आडनाव कोणतं ते पहिल्याच भेटीत सांगून टाका. ॲडव्होकेट, इंजिनिअर, सीए हे आपल्याकडे नावाआधी लागतात, तिकडे लागत नाहीत. 'पद्मश्री'ही नको. ते तर इथेही चालत नाही: राज्यघटनेच्या कलम १८ ने किताब बंद केले आणि पद्म पुरस्कार नावामागे-पुढे उपाधीसारखे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं.

दुसरी पायरी: 'सर' दोन आहेत

एक 'सर' नुसता येतो. दुकानदार गिऱ्हाईकाला म्हणतो, सैनिक अधिकाऱ्याला म्हणतो, शाळेतली मुलं मास्तरांना म्हणतात. (शाळेतल्या बाईंना ती 'मिस' म्हणतात, बाईंचं लग्न झालेलं असलं तरी.) ब्रिटिश कार्यालयात साहेबाला 'सर' म्हणायची रीत आता फारशी उरलेली नाही. विद्यापीठातही अनेक प्राध्यापक पहिल्या नावानेच हाक मारायला सांगतात. तिथे 'सर' म्हणत राहिलात तर समोरच्याला मान मिळाल्यासारखं वाटत नाही. तुम्ही अंतर ठेवताय असं वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांत मात्र अनोळखी माणसाला 'सर' आणि 'मॅम' म्हणणं ही साधी सभ्यता आहे, तिथे दर्जाचा प्रश्न येत नाही.

दुसरा 'सर' हा किताब आहे आणि तो नेहमी पहिल्या नावाला चिकटतो. क्रिकेटमुळे हे लक्षात ठेवणं सोपं जातं. ब्रॅडमन यांना १९४९ मध्ये किताब मिळाला, ते 'सर डोनाल्ड' झाले. सोबर्स यांना १९७५ मध्ये मिळाला, ते 'सर गारफील्ड'. 'सर ब्रॅडमन' आणि 'सर सोबर्स' हे मराठी बातम्यांत सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. पूर्ण नाव घेतलं तर चालतं: सर डोनाल्ड ब्रॅडमन. आपल्याकडचे भांडारकरही १९११ पासून 'सर रामकृष्ण'. बाईंना हाच किताब मिळाला तर 'डेम', आणि तोही पहिल्या नावाला: अभिनेत्री ज्युडी डेंच या 'डेम ज्युडी'. परदेशी नागरिकाला मानद किताब मिळाला तर त्याने 'सर' लावायचं नसतं. बिल गेट्स यांना २००५ मध्ये तो मिळाला, पण ते 'सर बिल' झाले नाहीत.

नवरा 'सर' असेल तर बायको 'लेडी' होते, पण लेडी लागतं आडनावाला. दोराबजी टाटा १९१० मध्ये 'सर दोराबजी' झाले आणि मेहेरबाई 'लेडी टाटा'. माहीमचा 'लेडी जमशेटजी रोड' मात्र या नियमात बसत नाही. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी माहीमच्या बांधाला पैसा दिला म्हणून तो रस्ता त्यांच्या नावाचा. इंग्लंडच्या रीतीने त्या 'लेडी जीजीभॉय' व्हायला हव्यात. मुंबईने आपल्या वळणाने नवऱ्याचं नाव लावलं, आणि ते आता दीडशे वर्षांहून अधिक रुळलं आहे.

तिसरी पायरी: लॉर्ड

सरदारांच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. वापरताना एवढंच पुरे की ड्यूकला 'लॉर्ड' म्हणत नाहीत, 'युअर ग्रेस' म्हणतात, आणि उरलेल्या चौघांनाही बोलताना 'लॉर्ड' चालतं. अर्लच्या बायकोला 'काउंटेस' का म्हणतात असा प्रश्न पडतो. अर्ल हा जुना इंग्रजी शब्द टिकला, पण त्याचं स्त्रीलिंगी रूप तयार झालं नाही, म्हणून ते फ्रेंचांकडून घेतलं.

'लॉर्ड' लागतं किताबाच्या नावाला, म्हणजे बहुतेकदा आडनावाला. इंग्लंडचे क्रिकेटपटू इयन बोथम २००७ मध्ये 'सर इयन' झाले आणि २०२० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्यावर 'लॉर्ड बोथम'. एकाच माणसात दोन्ही नियम दिसतात, म्हणून हे उदाहरण पाठ करून ठेवा. अपवाद ड्यूक आणि मार्क्वेस यांच्या धाकट्या मुलांचा. त्यांना पहिल्या नावासह लॉर्ड लागतं. माउंटबॅटन हे मार्क्वेसचे धाकटे चिरंजीव, म्हणून आधी 'लॉर्ड लुई'. १९४६ मध्ये स्वतःचा किताब मिळाल्यावर ते 'लॉर्ड माउंटबॅटन' झाले. मुलींमध्ये हा मान अर्लच्या मुलींनाही मिळतो, म्हणून लग्नाआधी 'लेडी डायना'.

आपल्या इतिहासलेखनात हा घोटाळा फार. प्रत्येक इंग्रज गव्हर्नरला लॉर्ड करून टाकायची सवय आहे. मुंबईचे एल्फिन्स्टन दोन. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ गव्हर्नर होते, कॉलेज त्यांच्या नावाचं. ते एका लॉर्डचे धाकटे मुलगे, स्वतः कधीच लॉर्ड नव्हते. त्यांचे पुतणे जॉन हे खरे लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० गव्हर्नर. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं रेल्वे स्थानक या पुतण्याच्या नावाचं होतं. 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' असं कुठे वाचलंत तर दोन माणसं एकत्र झाली आहेत असं समजा.

एवढा दबदबा असलेल्या या शब्दाचं मूळ मात्र स्वयंपाकघरातलं आहे. जुन्या इंग्रजीत लॉर्ड म्हणजे पावाचा रखवालदार आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी. 'अन्नदाता' म्हणणाऱ्या भाषेला हे परकं वाटणार नाही.

डॉक्टर, मिस्टर, प्रोफेसर

इथे नव्याने गेलेल्या रुग्णांचा आणि परिचारिकांचा हमखास गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये शल्यचिकित्सकाला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर किंवा मिस म्हणतात. पत्रावर 'मिस्टर' लिहिलं आहे म्हणून आपल्याला कुणी कमी शिकलेला माणूस तपासणार असं मानू नका, उलट आहे. वैद्यकीय पदवी घेतली की डॉक्टर होतात आणि रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची परीक्षा पार केली की पुन्हा मिस्टर होतात, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. कारण जुनं आहे. डॉक्टर ही विद्यापीठाची पदवी होती आणि ती औषधं देणाऱ्या वैद्यांकडे असे. चिरफाड करणारे हाताखाली शिकून तयार होत. १५४० पासून तर ते न्हाव्यांबरोबर एकाच संघात होते आणि १७४५ मध्ये वेगळे झाले. अमेरिकेत हा भेद नाही, तिथे सगळे डॉक्टर. वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, पण प्रत्येक परिचारिका सिस्टर नसते. नावाचा बिल्ला वाचावा.

महाराष्ट्रात महाविद्यालयात शिकवणारे सगळे 'प्रा.' असतात. ब्रिटनमध्ये प्रोफेसर ही शेवटची पायरी आहे. त्याखाली लेक्चरर, सीनियर लेक्चरर आणि बऱ्याच ठिकाणी रीडर. लेक्चररला प्रोफेसर लिहिलंत तर तो सुधारून सांगतो आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. विभागाच्या संकेतस्थळावर पद पाहा. पीएचडी असेल तर 'डॉक्टर' आणि आडनाव. अमेरिकेत मात्र असिस्टंट प्रोफेसरलाही हाक मारताना प्रोफेसरच म्हणतात.

पत्र आणि ईमेल

पहिला ईमेल औपचारिक असावा. नाव माहीत असेल तर 'डिअर', उपाधी, आडनाव, आणि शेवटी 'युअर्स सिन्सिअरली'. नाव माहीतच नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'. या जोड्या उलटसुलट करू नका, ब्रिटिश माणसाला ते लगेच खटकतं. 'रिस्पेक्टेड सर' तिकडे कुणी लिहीत नाही. किताब असलेल्या माणसाला 'डिअर सर जॉन', आडनावाशिवाय.

मग उत्तराची वाट पाहा आणि खाली सही कशी आहे ते बघा. 'कॅरन' एवढंच असेल तर पुढच्या ईमेलला 'डिअर कॅरन' किंवा 'हाय कॅरन' लिहायचं. दुसऱ्यांदाही 'डिअर डॉक्टर मिलर' लिहिलंत तर तिने पुढे केलेला हात तुम्ही धरला नाही असं होतं. सही पूर्ण नावाची आणि पदाची असेल तर उपाधी चालू ठेवा. प्रत्यक्ष भेटीत शंका असेल तर सरळ विचारावं: 'व्हॉट शुड आय कॉल यू?' हा प्रश्न कुणालाही उद्धट वाटत नाही.

कोर्टात जायची वेळ आली तर इंग्लंडमध्ये हाय कोर्टाच्या न्यायाधीशांना 'माय लॉर्ड' किंवा 'माय लेडी', सर्किट जजना 'युअर ऑनर' आणि डिस्ट्रिक्ट जजना डिसेंबर २०२२ पासून नुसतं 'जज' म्हणायचं. भारतात बार कौन्सिलने २००६ मध्येच 'माय लॉर्ड'ऐवजी 'युअर ऑनर' सुचवलं, तरी जुनी सवय सुटलेली नाही. रस्त्यावर पोलिसाशी बोलताना ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे 'ऑफिसर' पुरतं.

पदांच्या नावांनी फसू नका

'एक्झिक्युटिव्ह' आपल्याकडे विक्रीच्या पहिल्या नोकरीला लावतात. तिकडे नुसतं 'ॲन एक्झिक्युटिव्ह' म्हटलं की वरचा अधिकारी. अमेरिकी बँकेतला 'व्हाइस प्रेसिडेंट' हा अध्यक्षाच्या खालोखाल असतो असं नाही, तिथे ही मधली पायरी असते आणि एका इमारतीत असे पुष्कळ असतात. ब्रिटनमध्ये 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हा मंत्री, 'परमनंट सेक्रेटरी' हा खात्याचा सर्वांत वरचा सनदी अधिकारी, आणि नुसती 'सेक्रेटरी' म्हणजे टंकलेखन आणि वेळापत्रक सांभाळणारी व्यक्ती. मागचा-पुढचा शब्द वाचल्याशिवाय दर्जा ठरवू नका.

दोन शब्द तर इथेच सोडून जायचे. एक 'प्यून'. पोर्तुगिजांकडून आलेला हा शब्द मुळात पायी चालणाऱ्या शिपायाचा. आपल्या कचेरीत तो साधं पदनाम आहे, पण अमेरिकी कानाला तो राबवून घेतलेल्या, हक्क नसलेल्या मजुरासारखा लागतो. दुसरा 'बॉय'. आपण पन्नाशीच्या माणसालाही ऑफिस बॉय म्हणतो. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय प्रौढ पुरुषांना अपमानासाठी 'बॉय' म्हणत, आणि ती जखम अजून ओली आहे. कुठल्याही मोठ्या माणसाला हा शब्द वापरू नका, मग हेतू कितीही निर्मळ असो. अनोळखी लोकांना 'अंकल', 'आंटी'ही नको.

जेवण, शाळा आणि वर्ग

ब्रिटनमध्ये वर्ग बोलण्यातून ओळखतात आणि त्याची खूण अनेकदा साध्या घरगुती शब्दात असते. १९५४ मध्ये बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी अशा शब्दजोड्यांची मांडणी केली: उच्च वर्ग 'नॅपकिन' म्हणतो आणि वर चढू पाहणारा मध्यम वर्ग 'सर्व्हिएट'. 'लॅव्हेटरी' विरुद्ध 'टॉयलेट' हीही त्यातलीच जोडी. गंमत अशी की जास्त नाजूक, फ्रेंच वाटणारा शब्द खालच्या पायरीचा ठरतो. तुम्ही या स्पर्धेत उतरायची गरज नाही. बाहेरून आलेल्याला कुणी या तराजूत तोलत नाही.

जेवणाच्या शब्दांकडे मात्र लक्ष द्या, कारण उपाशी राहायची वेळ येऊ शकते. उत्तर इंग्लंडमध्ये आणि कामगार कुटुंबांत 'डिनर' दुपारचं आणि 'टी' म्हणजे संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यानचं पूर्ण जेवण. दक्षिणेत 'डिनर' रात्रीचं आणि 'टी' म्हणजे चहा. शाळेतल्या दुपारच्या जेवणाला मात्र देशभर 'स्कूल डिनर' म्हणतात. 'कम फॉर टी' असं निमंत्रण आलं तर वेळ विचारा. चार म्हणाले तर चहा-केक, सहा म्हणाले तर घरून जेवून जाऊ नका.

'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा नव्हे. नेहरू शिकले ते हॅरो किंवा ईटन अशा महागड्या खासगी शाळांना इंग्लंडमध्ये पब्लिक स्कूल म्हणतात. फी भरू शकणाऱ्या कुठल्याही गावच्या मुलाला त्या खुल्या होत्या, म्हणून हे नाव. सरकारी ती 'स्टेट स्कूल'. अमेरिकेत बरोबर उलट. घर शोधतानाही तसंच: 'कंट्री इस्टेट' ही जमीनदाराची, 'काउन्सिल इस्टेट' ही नगरपालिकेने भाड्याने देण्यासाठी बांधलेली वस्ती. आणि माणसाला 'कॉमन' म्हणणं म्हणजे हलका म्हणणं. 'कॉमन मॅन' चालतं, 'शी इज कॉमन' ही शिवी आहे.

शब्दांत मुरलेली उतरंड

इंग्रजीतल्या चांगल्या-वाईट गुणांचे अनेक शब्द मुळात दर्जाचे आहेत. 'व्हिलन' म्हणजे जमीनदाराच्या वाडीवर बांधलेला शेतमजूर. 'व्हल्गर' म्हणजे सामान्य लोकांचं. 'बूर' म्हणजे शेतकरी. याउलट 'जेंटल' आणि 'जेनरस' म्हणजे चांगल्या कुळातला, 'कर्टिअस' म्हणजे दरबारात वावरलेला. मराठीने हेच केलं आहे: 'गावंढळ' गावातून आला आणि 'सभ्य' सभेतून. कष्टकऱ्याच्या नावाची शिवी होते आणि धन्याच्या नावाचा गुण, हे दोन्ही भाषांत सारखं दिसतं. म्हणून शब्दकोशातला फक्त आजचा अर्थ पाहून थांबू नये.

आणि आपल्याकडच्या जातींमुळे तिकडे गेलेले शब्द. 'कास्ट' हा इंग्रजी शब्द पोर्तुगिजांच्या 'काश्ता'वरून आला. गोव्यात आणि मलबार किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी वंश, वाण या अर्थाचा स्वतःच्या भाषेतला शब्द इथल्या जातींना लावला. तो 'क्लास'चा समानार्थी नाही. वर्ग बदलता येतो. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची व्याख्या 'बंदिस्त वर्ग' अशी केली होती. परदेशी सहकाऱ्याला फरक समजावताना हे दोन शब्द पुरतात. जात म्हणजे 'आमच्याकडचा क्लास' असं सांगून विषय मिटवू नका. ते खरं नाही, आणि ऐकणाऱ्यांत ज्याने जात सोसली आहे असा कुणी असू शकतो.

'पराया'सारखा ऐकू येणारा 'पराइआ' हा इंग्रजी शब्द बहिष्कृत माणसासाठी वृत्तपत्रांत बेधडक वापरतात. तो तमिळनाडूतल्या परैयर या दलित जातीचं नाव आहे. कुणा राजकारण्याला किंवा देशाला तो लावणं म्हणजे एका जिवंत समाजाचं नाव शिवीसारखं वापरणं. त्याऐवजी 'आउटकास्ट' वापरा. त्यातला 'कास्ट' जातीचा नाही, फेकण्याचा आहे.